पड ठेवणारे मामा

आमचे मामेसासरे उद्या एखाद्या देशाचे पर्यटनमंत्री झाले, तर पाच वर्षांत त्या देशात एकही पर्यटक फिरकणार नाही, आणि तो देश मात्र पृथ्वीवरचा सगळ्यात सुंदर देश ठरेल. हे मी जावई या नात्याने बोलत नाही, मामेसासऱ्यांचं कौतुक करण्याची जावयांवर सक्ती नसते. मी भोगलेला माणूस म्हणून बोलतो आहे. लग्न झाल्यापासून माझ्या एकाआड एक उन्हाळी सुट्ट्या त्यांच्या नियोजनाखाली गेल्या. लोक सुट्टीवरून येतात तेव्हा काळे होऊन येतात, लठ्ठ होऊन येतात, सामान हरवून येतात. आम्ही शिस्त लागून येतो. बेळगावच्या आमच्या गल्लीत जूनच्या सुरुवातीला नळ गळका दिसला की मी अस्वस्थ होतो, दुसऱ्याच्या हातातल्या बिस्किटाच्या कागदाकडे संशयाने बघतो, आणि शेजारी समजून घेतात, की हे मामांकडे जाऊन आले.

जोयड्याहून गणेशगुडीकडे येताना एका वळणावर डांबरी रस्ता सोडायचा, ओढा ओलांडायचा आणि सुपारीच्या झाडांआड दिसणाऱ्या कौलारू घराकडे चालत सुटायचं. तिथे हे राहतात. सत्तरी उलटली आहे. अंगाने काटक, खाकी अर्धी चड्डी, पांढरी बंडी आणि कमरेमागे आकडीला कोयता. हा कोयता काढून ठेवलेला मी फक्त जेवताना पाहिला आहे. भातशेती, थोडी सुपारी, परसात मुडली नावाचे इथले कंद, दोन बैल आणि एक म्हैस एवढा संसार. मूलबाळ नाही, त्यामुळे बहिणीची मुलं, म्हणजे माझी बायको आणि पुण्याचा माझा मेहुणा, हीच त्यांची मुलं. मे महिन्यात या मुलांनी आपापल्या पोराबाळांसकट येऊन राहावं हा त्यांच्या वर्षातला सगळ्यात मोठा सण. दिवाळीची तयारी ते आदल्या दिवशी करतात. आमच्या सुट्टीची तयारी संक्रांतीपासून सुरू होते. घरामागच्या टेकाडावर एक खडक आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाला उभं राहून मान जरा तिरकी केली की मोबाइलला रेंज येते. मामा मान तिरकी करून सूचना द्यायला लागतात, बोलण्याच्या भरात मान सरळ होते आणि फोन तुटतो. राहिलेलं अर्धं वाक्य मग पुढच्या बाजारच्या दिवशी येतं. एकदा नुसतं "जावईबापू, येताना चुकूनबी आनू नगासा..." इतकंच ऐकू आलं. काय आणायचं नाही ते न कळल्यामुळे आम्ही त्या वर्षी काहीच आणलं नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज एकेक जोड तेवढा. मामा बेहद्द खूश. "सांगितल्यापरमानं वागनारी मानसं हल्ली कुटं ऱ्हायल्यात?" असं त्यांनी गावभर सांगितलं.

त्यांच्या सगळ्या नियोजनाचं मूळ एका शब्दात आहे, तो म्हणजे पड. वाडवडलांची शेती कुमरीची. डोंगरउतारावरचा एक तुकडा साफ करायचा, त्यात नाचणी घ्यायची आणि मग तो सोडून द्यायचा. पुन्हा रान माजेपर्यंत त्याच्याकडे वळूनही बघायचं नाही. याचं नाव पड ठेवणं. सरकारने कुमरी कधीच बंद केली. ती डोंगरावरून उतरली आणि मामांच्या डोक्यात जाऊन बसली. वापरलेल्या प्रत्येक वस्तूला विसावा मिळालाच पाहिजे यावर त्यांचा इतका विश्वास, की चपलांचे दोन जोड असतात, एक पायात आणि एक पडीला. दाराशी दोन आंबे आहेत. एका वर्षी एकाची फळं आम्ही खायची आणि दुसऱ्याची वानरांनी, पुढच्या खेपेला उलट. वानरांना हा करार मान्य असल्याचं दिसत नाही, असं मी एकदा म्हणालो. "कळंल त्यांस्नी हळूहळू," मामा शांतपणे म्हणाले, "तुमालाबी कुटं लगीच कळलं?" काळी नदीच्या ज्या डोहात गेल्या खेपेला डुंबलो तिथे यंदा पायाचा अंगठाही बुडवायचा नाही, तिथले मासे अजून दम खात असतात. जंगलातली वाट दरवर्षी वेगळी, कारण वाटेलाही गवत फुटायला हवं. विनोदालासुद्धा पड असते. सांगितलेला विनोद निदान तीन पावसाळे तरी पुन्हा सांगायचा नाही. आणि एखाद्याने सांगितलाच तर मामा हसत नाहीत, तोंड वळवून बैलाकडे बघतात.

माणसांचंही तेच. एक मे महिना बेळगावचा, दुसरा पुण्याचा. दोन्ही घरं एकदम आली तर विहिरीवर ताण येतो. मेहुण्याने एकदा सुट्टी आधीच मंजूर करून घेतली, गाडीची सर्व्हिसिंग केली, मुलांना टोप्या आणल्या आणि मग मामांना फोन लावला. मान तिरकी असावी, कारण उत्तर स्वच्छ ऐकू आलं. "औंदा तुमची पड हाय. पुडच्या सालाला या." मेहुणा एका मोठ्या कंपनीत मोठा साहेब आहे, त्याला 'नाही' म्हणणारा माणूस पुण्यात शिल्लक नाही. तो मुकाट्याने टोप्या कपाटात ठेवून पुढच्या वर्षाची वाट बघत बसला.

मामींविषयी मात्र फारसं काही सांगण्यासारखं नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मामी म्हणजे चुलीपुढची एक पाठ. कोणी विचारलं असतं तर मला त्यांचा चेहरा नीट सांगता आला नसता, पाठ मात्र शंभर बायकांत ओळखली असती. पहाटे उठावं तर चूल पेटलेली, दुपारी नदीवरून भुकेजून यावं तर ताटं मांडलेली, तिन्हीसांजेला कोणीतरी फणसाचं नाव काढावं तर सांदणं वाफेला लावलेली. गुडघे दुखायचे. उठताना त्या चुलीच्या कट्ट्यावर हात टेकून "आई गं" म्हणायच्या, आणि ते इतक्या वेळा म्हणायच्या, की त्या घरात ऐकू येणाऱ्या आवाजांत रहाटाच्या कुरकुरीसारखा तोही एक आवाज झाला होता.

मामांचे नियम घरी पोचण्याआधीच सुरू होतात. आम्ही बेळगावकरांनी रेल्वेने कॅसलरॉकला उतरायचं आणि तिथून जीपने यायचं. "रेल्वे तुमच्यासाटी न्हाई चालत. ती तशीबी चालतीयाच. तुमी निसतं बसायचं." जीप तर आमच्याचसाठी चालते, या शंकेवर ते म्हणतात, "म्हून तर भरल्याबिगार ती हलत न्हाई." आणि खरोखरच, कोंबड्या, खताची पोती आणि एखादा कॉटचा सांगाडा चढल्याशिवाय ती हलत नाही. मेहुण्याची गाडी रामनगरला एका ओळखीच्या दुकानदाराच्या अंगणात सोडायची आणि पुढे बस. मेहुणा पहिल्यांदा फार चिडला होता. नवी गाडी, जंगलाचा रस्ता, मुलांची हौस. रामनगरला घ्यायला आलेले मामा गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पर तिला जंगलात काय बगायचं हाय?" मेहुण्याने किल्ली दुकानदाराच्या हातात दिली.

गावात शिरलं की आधी घर नाही, आधी देव. मोठ्या झाडाखाली शेंदूर न लावलेला एक दगड आहे. त्याच्यापुढे नारळ ठेवून मामा आमच्या वतीने गाऱ्हाणं घालतात आणि त्यात आमचे सगळे दोष मोठ्याने वाचून दाखवतात. एका वर्षी दोन्ही घरं बरोबर गेली, ती हकिगत पुढे येईलच; तेव्हाचं गाऱ्हाणं असं होतं. "बा देवा म्हाराजा, ही माझ्या भनीची लेकरं आल्यात. ह्यो बेळगावचा जावई. मानूस गरीब हाय, पर जिथं बसंल तिथं कागद इसरतोय, त्येच्यावर ध्यान ठेव. ह्यो पुन्याचा भाचा. ह्येचा आवाज मोटा हाय, रानातली पाखरं भ्यायची, तवा त्येचा घसा जरा बसव. जशी आनलीस तशी समद्यांस्नी सुखानं परत ने, आन तुजं रान हाय तसंच ऱ्हाऊ दे." दुसऱ्याच दिवशी नदीत डुंबून मेहुण्याचा घसा बसला. मामांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी फक्त दगडापाशी जाऊन दोन फुलं ठेवली, काम केल्याबद्दल.

मग पडवीत बॅगा उघडायच्या. वेफर्सची पाकिटं, चॉकलेटं, पाण्याच्या बाटल्या जप्त होत नाहीत, मामा तेवढे कठोर नाहीत. खा म्हणतात. फक्त प्रत्येक कागद, प्रत्येक झाकण त्यांच्या हवाली करायचं. निघायच्या दिवशी मामी माझ्या बायकोची ओटी भरतात, तांदूळ, नारळ, खण. आणि त्याच वेळी मामा मला पाटावर बसवून, कपाळाला कुंकू लावून, फडक्यात बांधलेलं एक गाठोडं हातात देतात. आत आमच्याच चार-आठ दिवसांचा कचरा, नीट घड्या घातलेला. "हे तुमचं, तुमच्या गावाला." पहिल्या वर्षी मला तो आहेर वाटला. मी वाकून नमस्कार केला आणि ते गाठोडं रेल्वेत मांडीवर घेऊन बसलो, लोंढ्याला शेजारच्या बाईंनी विचारलं, "माहेरचं का?" तेव्हा सोडून पाहिलं.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मात्र बेळगाव आणि पुणे दोन्ही घरं एकदम आली. आदल्या वर्षी काही ना काही अडचणींमुळे कोणीच आलं नव्हतं, विहीर रिकामी बसली होती, म्हणून औंदा दोघंबी चालतील, असा मामांचा हिशेब. घर गजबजून गेलं. मामांचा उत्साह असा, की ते दिवसातून अनेकदा खडकावर चढून कोणालाच फोन न करता खाली यायचे. संध्याकाळी पडवीत बसून मेहुण्याने, बसलेल्या घशाने, त्यांचं कौतुक करायला सुरुवात केली. "मामा, तुम्ही हे जे करता ना, त्याला जगात शाश्वत पर्यटन म्हणतात. आपल्यासारख्या विकसनशील देशात तर याची फार गरज आहे."

"इकसनशील म्हंजे?"

"म्हणजे ज्याचं अजून पूर्ण व्हायचं राहिलंय असा."

"मग बरं हाय की," मामा म्हणाले. "पुरा बिगडायचाबी ऱ्हायलाय म्हना. आन ते शाश्वत काय?"

"कायम टिकणारं."

आतून मामींचा आवाज आला. "कायम टिकत्यात ती भांडी. किती घासा, ऱ्हात्यातच."

आम्ही पोट धरधरून हसलो. मामा तर सगळ्यात जास्त हसले; हा विनोद नवा होता, त्याला अजून पड लागू नव्हती. हसू ओसरल्यावर मेहुण्याच्या धाकट्या मुलीने आणखी एक चहा मागितला आणि आतून "आई गं" ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी धनेश बघायचा कार्यक्रम. या कार्यक्रमाची मामांनी फेब्रुवारीपासून राखण केली होती. एका जुन्या झाडाच्या ढोलीत मादीने स्वतःला लिंपून कोंडून घेतलेलं असतं, चोचीपुरती फट ठेवून. आत अंडी, मग पिल्लं. नर दिवसभर रानातून फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. आम्हाला लांबच्या एका करवंदीच्या जाळीमागे बसवलं. बोलायचं नाही, शिंकायचं नाही, मोबाइल बंद. मेहुण्याला बोलता येतच नव्हतं, त्यामुळे त्याचं मामांनी विशेष कौतुक केलं. सकाळ निम्मी सरली तेव्हा कुठे पंखांचा फसफस आवाज झाला आणि तो मोठा पिवळ्या चोचीचा पक्षी येऊन ढोलीला बिलगला. घशातून एकेक फळ वर आणून फटीत देऊ लागला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मुलं श्वास रोखून बघत होती. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दरवर्षी येतं. परतीच्या वाटेवर ते छाती काढून चालत होते, जणू तो नर त्यांच्याच भावकीतला. "बगितलासा गडी? बायकोला बसवून खाऊ घालतोय. तिनं उटायचं न्हाई, मुटायचं न्हाई. ह्येला म्हनायचं संसार."

घरी पोचताच मुलं स्वयंपाकघरात घुसली आणि सगळी एकदम सांगू लागली. आजी, तो एवढा मोठा असतो, आजी, ती आत बसलेली असते, आजी, तो तिला सारखं खायला आणून देतो आणि ती नुसती खाते!

मामींचा हात तव्यावर थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं. "बसून खाती?"

"हो आजी! कितीतरी आठवडे!"

"आन भाकऱ्या?"

मुलं हसली. धनेश भाकरी खात नाही, हे त्यांनी आजीला समजावून सांगितलं. मामींनी मान हलवली, तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली नव्हती. मामी पडवीत खांबाला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. आधी आम्हाला वाटलं बरं नाही. माझ्या बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. मामा गोठ्यातून आले, एकदा मामींकडे आणि एकदा कौलांकडे बघितलं, जिथून धूर निघायला हवा होता. "काय गं, काय हुतंय?"

"कुटं काय?" मामी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं त्या बोलत होत्या. "हिरीला पड हाय. नदीला हाय, आंब्याला हाय, तुमच्या चपलांस्नीबी हाय. चूल तेवडी बारमास. औंदा चुलीला पड ठेवूया म्हनलं."

मामा उभेच राहिले. आम्ही सगळे, म्हणजे बेळगाव आणि पुणे, इकडेतिकडे बघू लागलो. माझ्या मनात आलं, की आता एकतर मामींना दोन शब्द ऐकावे लागणार, नाहीतर पुढच्या वर्षापासून ही सुट्टी बंद. दोन्ही गोष्टी भयंकर होत्या. बायको हळूच म्हणाली, "मामी, आम्ही नको का यायला?"

"अगं खुळे, का न्हाई?" मामी तिच्यावर उसळल्या. "या की. तुमी न्हाई आलासा तर ह्या घरात कोन हाय? मला माजी लेकरं पायजेत. मला फकस्त बसायचं हाय. गुडगं ऐकंनात बग. अशीच ऱ्हायले तर पुडच्या साली तुमी याल आन मी हातरुनात."

मामा कोणत्याही प्रश्नाला तत्काळ उत्तर देणारे. विहिरीचं पाणी, नदीचे मासे, वानरांचा हक्क, सगळं त्यांच्या डोक्यात तयार असतं. त्या सकाळी मात्र त्यांनी कमरेचा कोयता काढला, आकडीसकट खुंटीला टांगला आणि चुलीपुढे जाऊन बसले. "जावईबापू, फनस घ्या. भाच्या, नारळ खव. बाय, तू भाईर. बायांची आज पड." आवाजात पुन्हा तीच मंत्रिपदाची जरब आली होती. मनुष्य गोंधळला तरी त्याचं नियोजन गोंधळलं नव्हतं.

पुढे जे झालं त्याला स्वयंपाक म्हणणं धाडसाचं आहे. कोवळा फणस चिरताना हाताला आणि विळीला तेल लावायचं असतं, हे मला विळी, मी आणि फणस असे तिघे एकजीव झाल्यावर कळलं. मेहुण्याने नारळ खवताना निम्मा जमिनीला अर्पण केला. मामांनी स्वतःकडे भाकऱ्या घेतल्या. तांदळाच्या पिठाची आधी उकळत्या पाण्यात उकड काढावी लागते, मग मळायची, मग थापायची. मामांनी गार पाणी ओतून थापायलाच सुरुवात केली. पहिली भाकरी परातीतच फुटली. दुसरी हवेत. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे तिचे तीन तुकडे होऊन प्रत्येकाने आपापली दिशा धरली. पडवीत मामी पदराचं टोक मुठीत आवळून बसल्या होत्या. शेवटी राहवलं नाही. "पानी उकळू द्या वो आदी!"

"तुजी पड हाय," मामा आतून गरजले, पण पाणी उकळायला ठेवलं.

जेवायला दुपार उलटली. त्या घरात पंगत ठरलेली. आधी मुलं आणि पुरुष, मग माझी बायको आणि मेहुण्याची बायको, त्यांनाही मामी वाढणार, आणि सगळ्यांचं झालं की मामी एकट्या चुलीपाशी, पातेल्यात जे उरलं असेल ते घेऊन. त्या दिवशी मामांनी पहिला पाट मांडला आणि मामींना म्हणाले, "बसा." आयुष्यभर ज्यांना 'अगं' म्हटलं त्यांना. मामी लाजल्या. बसल्या आणि लगेच उठल्या, पाणी आणायला. बायकोने त्यांना खांदे धरून बसवलं. मग मीठ राहिलं म्हणून उठल्या. मग मुलांचं कोण बघणार म्हणून उठल्या. शेवटी मेहुण्याची धाकटी त्यांच्या मांडीवरच जाऊन बसली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

मामांनी तव्यावरची भाकरी बोटांनीच उचलली आणि पळत येऊन मामींच्या ताटात टाकली. मधे जाड, कडेला करपलेली, गोल म्हणता येणार नाही अशी. वाफ निघत होती. मामींनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावायच्या थांबल्या. आम्हाला वाटलं खडा लागला.

"काय झालं? कच्ची हाय?" मामांनी विचारलं.

"न्हाई." त्या ताटाकडेच बघत होत्या. "इतकी वर्सं झाली, तव्यावरची भाकरी मी कंदी खाल्लीच न्हाई बगा. माजी येळ यायची तवर गार झालेली आसायची. मला वाटायचं, भाकरी अशीच लागती."

मामांच्या हाताला पीठ होतं, ते तसंच राहिलं. मी आणि मेहुण्याने एकमेकांकडे बघायचं टाळलं. त्या घरात आम्ही दोघांनी मिळून किती गरम भाकऱ्या हाणल्या असतील आणि वर "मामी, आणखी एक" म्हटलं असेल, याचा विचार करायला दोघांनाही वेळ मिळाला. मग मामा अगदी हळू म्हणाले, "आनी एक घालू?"

"घाला," मामी म्हणाल्या.

तेव्हापासून आमची सुट्टी पुरुषांच्या हातचं खाऊन होते. नियम सगळे जागच्या जागी आहेत, रेल्वे, जीप, गाऱ्हाणं, कचऱ्याचा आहेर. त्यात एवढी भर पडली. फणस मी आता इतका सफाईने चिरतो, की बेळगावात लोक मला लग्नकार्यात बोलावू लागलेत. मेहुण्याने पुण्यात सगळ्यांना सांगितलंय, की खरी शाश्वत सुट्टी म्हणजे काय ते त्याला कळलंय, आणि या विषयावर तो आता आवाज न चढवता बोलतो. आम्ही तिथे नसतो त्या महिन्यांतही मामाच चुलीपुढे असतात, असं गावातली माणसं सांगतात, आणि सांगताना थोडी हसतात. मामांना त्याचं काही नाही. जे करायचं ते ठरवून आणि नीट करायचं, हा त्यांचा स्वभाव.

त्यांच्या भाकऱ्या आता छान होतात. पातळ, गोल, पापुद्रा सुटलेल्या; फुगली की ते मुलांना हाका मारून दाखवतात. हात मात्र थरथरायला लागलेत, थापताना अधूनमधून थांबावं लागतं. मामींचे दात जवळजवळ सगळे गेले. गेल्या मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा त्या भाकरी दुधात कुस्करूनच खात होत्या, आणि दुधातली भाकरी गरम काय, गार काय, सारखीच. तरी तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी मामा त्यांच्याकडेच नेतात. मामी ती लगेच मोडत नाहीत. दोन्ही तळहातांवर घेतात, डोळे मिटतात आणि थोडा वेळ नुसत्या धरून बसतात. तोवर आमच्यातलं कोणीच जेवायला सुरुवात करत नाही.